कौसाबाई आणि जाळीतले टमाटे

शेतकऱ्यांना शहाणपण शिकवायचा मला सरकार पगार देत होतं. कृषी सहायक म्हणजे दुसरं काय असतं? गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या बाजूची आठ-दहा गावं माझ्याकडे होती. मोटारसायकलला पत्रकांचा गठ्ठा बांधायचा, गावात जायचं, बॅनर लावायचा, फोटो काढायचा आणि 'शेतकऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहून मोकळं व्हायचं. उत्स्फूर्त प्रतिसाद म्हणजे चहा येईपर्यंत थांबलेली माणसं. हे मी आता निवृत्त झाल्यावर सांगतोय, नोकरीत असताना बोलायची छाती नव्हती. पण त्या सगळ्या नोकरीत एक बाई अशी भेटली, की तिनं माझ्याकडून पगाराचं काम करून घेतलं. कौसाबाई तिचं नाव.

त्या वर्षी वरून शेडनेटचा लक्ष्यांक आला होता. इतकी शेडनेटं उभी झालीच पाहिजेत, नाहीतर कारणे दाखवा नोटीस. म्हणून मी एका वस्तीवरच्या समाजमंदिरात माणसं गोळा करून बोलत होतो. उघड्यावरचे टमाटे म्हणजे निव्वळ जुगार, असा माझा सूर. ऊन वाढलं की फूल गळतं, गारा पडल्या की फळ फुटतं, पांढरी माशी आली की पानं आकसून बोकड्या रोग पडतो. त्यापेक्षा लोखंडी पाइप रोवा, वरून आणि चारी बाजूंनी जाळी ओढा, आत ठिबक करा आणि निवांत झोपा. 'निवांत झोपा' म्हटल्यावर मागच्या भिंतीला टेकलेली एक बाई उठून उभी राहिली. उंच, हाडापेरानं दणकट, लुगड्यावर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मला विचारलं, "सायब, तुमी टमाटा तोडलाय का कधी? झाडाचा?"

मी म्हणालो, बाजारातून आणतो. सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "मंग उद्या सकाळी या. आधी हात काळे करा, मंग सांगा आमाला."

आता मी तसा डोक्यानं गरम माणूस. कुणी असं डिवचलं की मला रात्रभर चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायला तिच्या रानात हजर. तिनं बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, प्लास्टिकचं क्रेट हातात दिलं आणि एक सरी दाखवली. तासाभरात माझे हात आधी हिरवे, मग पिवळे, मग वंगणात बुडवल्यासारखे काळेकुट्ट. टमाट्याच्या झाडाची लव असा डाग पाडते, हे मला पदवी घेऊनही माहीत नव्हतं. बोअरवर जाऊन साबणाची अर्धी वडी झिजवली. ढिम्म फरक नाही. मग तिनं एक कच्चा हिरवा टमाटा फोडून माझ्या हातावर ठेवला, चोळा म्हणाली. चोळला, आणि डाग वाहून गेला. तिथून पुढं आमचं जमलं. म्हणजे तिनं मला येऊ द्यायला सुरुवात केली.

माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल, पण तिला 'अहो' म्हटलं की ती मागं वळून बघायची, हा कुणाशी बोलतोय म्हणून. त्यामुळे मीही अहो-जाहो सोडून दिलं. तिचा आवडता शब्द एकच, 'कावून'. आमच्याकडे 'का' असं मिळमिळीत विचारत नाहीत, 'कावून' विचारतात, आणि कौसाबाई विचारायची तेव्हा समोरचा माणूस खिशात उत्तर शोधायला लागायचा. मी सांगायचो, खत या दिवशी टाका. कावून? औषध संध्याकाळी मारा. कावून? पत्रकात लिहिलंय, असं मी एकदा सांगून बघितलं. तिनं पत्रक मागून घेतलं, लिहिता-वाचता येत नव्हतं तरी उलटसुलट करून बघितलं, आणि घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवलं. मग मीच घरी जाऊन जुनी पुस्तकं काढायला लागलो. बायको म्हणायची, परीक्षा आहे का?

झाडं बांधायला सगळे सुतळी वापरतात. ती जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वापरायची. सुतळी खोडाला काचते, कापड काचत नाही. बांबू रोवायचे, त्यावर तारा ओढायच्या आणि एकेक झाड चिंधीनं तारेला अडकवायचं. पंचवीस गुंठ्यांतली अशी हजारो झाडं ती स्वतः बांधायची आणि बांधता बांधता त्यांना शिव्या द्यायची. "नीट उभं ऱ्हा की मुडद्या," असं टमाट्याच्या झाडाला म्हणणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

अंगातला तो शर्ट उसाच्या फडातला. पाचट कापतं म्हणून तोडणीवाल्या बायका नवऱ्याचे शर्ट घालतात, ती सवय तिला राहिली होती. आमच्या बीडकडची निम्मी माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जातात, हे बाहेरच्यांना पेपरात वाचून माहीत असतं. पण तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, हे माहीत नसतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा माणूस, सहसा घेत नाही. कौसाबाई अशी नवऱ्याच्या जोडीनं अर्धा कोयता होऊन वीस हंगाम गेली. तिचा एकुलता एक बाळू कारखान्याच्या तळावर, पालाच्या खोपीत जन्मला. तिशीतच डॉक्टरनं तिची पिशवी काढली. दुखणं तसं मोठं नव्हतं. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो म्हणून टोळीतल्या बायका एकीमागं एक जाऊन काढून घेत होत्या, तशी हीही गेली. हे तिनं मला टमाटे तोडता तोडता सांगितलं, औंदा पाऊस कमी झाला म्हणावं इतक्या सहज. माझा हात थांबला. ती म्हणाली, हात चालू ठेवा.

नवरा गेला तेव्हा तिनं कोयता आढ्याला खोचला. टमाटे लावायला लागली ती तेव्हापासून.

बाजारातला तिचा एक किस्सा सांगतो. टमाट्याचं कसं असतं, एखाद्या आठवड्यात डोळ्यांदेखत मातीमोल होतं. तसा एक आठवडा होता. तालुक्याच्या बाजारात आडत्यानं तिच्या क्रेटकडे न बघताच हात झटकला आणि म्हणाला, परत न्यायचं भाडंसुद्धा परवडणार न्हाई मावशे, टाकून दे रस्त्यावर, बाकीच्यांनी टाकलंय. खरंच रस्त्यावर लाल चिखल झाला होता, गाया खात होत्या, पोरं फोटो काढत होती. कौसाबाईनं काय करावं? आडत्याच्या गाळ्याच्या पायरीवरच क्रेटं मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून किरकोळ विकायला बसली. आडत्या आधी ओरडला, मग हमालांना म्हणाला उचला हिला. हमालांपैकी दोघं तिच्यासोबत फडात कोयता मारलेले. ते कशाला उचलतात? दुपारपर्यंत तिनं सगळी क्रेटं रिकामी केली, जाताना पायरी झाडून दिली. आडत्याला सांगितलं, ज्याला पिकवायचं ठावं असतं त्यानं रस्त्यावर टाकायचं नसतं. पुढच्या खेपेपासून तो माल बघून बोलायला लागला.

अशी ही बाई माझ्या शेडनेटला काय भीक घालणार? टमाट्याला घर कशाला, असं तिचं म्हणणं. आमालाच पत्र्याचं हाय, म्हणायची. उघड्यावर जगतं तेच खरं झाड. मी चिडायचो, आकडे सांगायचो. ती चिंध्या बांधत राहायची.

मग बाळूचं लग्न झालं. सून आली सविता, तेलगावकडची, बारीक अंगाची, मान खाली घालून बोलणारी. तिच्या येण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात कौसाबाईच्या उघड्या टमाट्यांवर बोकड्या पडला. पंचवीस गुंठ्यांतलं एकही झाड सुटलं नाही. घरात खायला हवं, म्हणून बाळू आणि सविता कोयत्याला गेले. कौसाबाईनं अडवलं, पण रिकाम्या रानात उभं राहून अडवलेलं कोण ऐकतं? चैत्रात ती दोघं परत आली तेव्हा सविताचं चार महिन्यांचं पोट फडातच गेलेलं होतं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय घसरला होता.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी कौसाबाई माझ्या ऑफिसात आली. एसटीनं, एकटी. खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, "ती जाळी कुठं भेटती, सांगा. माज्या घरातून आता दुसरी बाई फडात जाणार न्हाई." मी सरळ अर्ज भरायला घेतला. ज्या लक्ष्यांकासाठी मी गावोगाव बोंबलत फिरलो, तो असा पुरा झाल्याची मला शरम वाटली, आजही वाटते.

दहा गुंठ्यांवर शेडनेट उभं राहिलं. श्रावणात रोपं लावली. मुकादम पोळ्याच्या आसपासच बाळूच्या घरी चकरा मारायला लागला होता. दसऱ्यानंतर ट्रक येणार. तोवर झाडांवर माल दिसला तर बाळू थांबणार होता, नाहीतर पुन्हा कोयता. बाळूनं हे आईला तोंडावर सांगितलं होतं आणि त्यात त्याची चूक नव्हती. म्हणजे सगळं त्या दहा गुंठ्यांवर आलं होतं.

मी तिला एकच गोष्ट दहादा बजावली होती. आत माशी शिरता कामा नये. बोकड्या पांढऱ्या माशीनं येतो, माशी नाही तर रोग नाही. या वेळी मात्र तिनं मला कावून विचारलं नाही. सुनेचं पोट गेल्यापासून ती माझं ऐकायला लागली होती, आणि तिथंच आमचा घात झाला.

झाडं फुलावर आली तेव्हा तिनं जाळीच्या आतून चारी बाजूंनी लुगडी लावली. दुहेरी, शिवून, जमिनीपर्यंत. दाराला गोधडी. बाळंतिणीच्या खोलीत कसं, खिडकीला बोळे कोंबतात, कानाला फडकं बांधतात, वारं लागू देत नाहीत, तस्सं. फुलावर आलेलं झाड म्हणजे तिच्या लेखी पोटुशी बाई, आणि या वेळी ती कसलीच जोखीम घेणार नव्हती. दारावर बिब्बा आणि काळी बाहुली टांगली. बाहेरच्या माणसाला आत बंदी. मलासुद्धा. माझी दृष्ट लागते असं तिचं मत होतं, कारण मी ज्या शेताचं कौतुक करून फोटो काढतो तिथं पुढं काहीतरी होतं. खोटं नव्हतं ते. आत फक्त सविता जायची, ठिबकचे कॉक फिरवायला, आणि तीही दाराजवळ, लगेच बाहेर. कौसाबाई स्वतःसुद्धा आत पाऊल टाकत नव्हती, गोधडी बाजूला करून बघायची. मी बाहेरून विचारायचो, माशी आहे का? नाही. झालं तर, म्हणायचो आणि खूश होऊन निघून जायचो.

एका सकाळी तिचा फोन आला. फोन ती कधी करत नसे. फुलं गळतायत, एवढंच म्हणाली.

मी गेलो. तिनं मला आत घेतलं, दृष्टीबिष्टीचं काही बोलली नाही. आत इतका कोंडमारा, की माझा शर्ट पाठीला चिकटला. झाडं मात्र काय सांगू, माझ्या छातीपर्यंत, हिरवीगार, पानं तळहाताएवढी. आणि खाली जमिनीवर पिवळ्या फुलांचा सडा. देठापासून सुटून पडलेली. फळ एक नाही. मी वरच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी एक टॉनिक सांगितलं. मारलं. दुसरं सांगितलं. तेही मारलं. फुलं गळतच राहिली. दसरा तोंडावर आला होता. मुकादम आता बांधावर येऊन उभा राहायला लागला. सविताच्या तोंडाकडे मला बघवेना.

मग एक दिवस कौसाबाई दाराशेजारच्या सरीत जाऊन बसली. दिवसभर बसली म्हणे. बाळूनं मला निरोप दिला, आई येडी झाली, या. मी गेलो तर ती तशीच बसलेली. मला म्हणाली, "हिकडं बगा." दाराजवळच्या सात-आठ झाडांवर फळं धरली होती. सुपारीएवढी, हिरवी. सात-आठच. पुढं पुन्हा काही नाही. "हितंच कावून?" तिनं विचारलं. बऱ्याच दिवसांनी विचारलं.

मी म्हणालो, उजेड येत असेल. तिनं मान हलवली. मी म्हणालो, पाणी कमी पडत असेल इथं. तिनं पुन्हा मान हलवली. मग तिनं सविताला हाक मारली आणि रोज जशी येतेस तशी ये म्हणाली. सविता गोधडी बाजूला सारून आली, वाकली, कॉक फिरवला, उठताना तिचा खांदा वरच्या तारेला लागला आणि ती सगळी झाडं हलली. रोज लागत असणार. कौसाबाईनं पुढच्या सरीतली तार धरून एक हिसका दिला. तिच्या शर्टाच्या काळ्या बाहीवर बारीक पिवळी पूड पडली. तिनं ती बाही माझ्या डोळ्यांसमोर धरली. "भंडारा उधळावा तसं पडतंय. ह्ये आतल्या आत पडायला पायजे व्हतं. हलवल्याबिगर कसं पडंल? सायब, टमाट्याला वारं लागतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मी शिकलो होतो. टमाट्याचं फूल स्वतःचंच परागण करतं, फक्त हलावं लागतं, वाऱ्यानं नाहीतर भुंग्या-मधमाशीनं. परीक्षेत पाच ओळींत लिहून मार्क मिळवले होते. आणि या बाईनं वारं बंद केलं, भुंगा-मधमाशी बंद केली, झाडाला माणूससुद्धा लागू दिला नाही, तेव्हा मी बाहेर उभा राहून खूश होत होतो. मी तिला तसं सांगितलंही, की चूक माझी आहे. ती म्हणाली, तुमची हायच. पण माजी बी हाय, मी बी इचारलं न्हाई. आणि तिनं लुगडी ओढायला सुरुवात केली. शिवण उसवत बसली नाही, टराटरा फाडली. दारावरची बाहुली पण काढून फेकली. झाडाला बाळंतीण समजले, तिथंच चुकले, असं बडबडत होती.

जाळी राहू दिली, लुगडी गेली. बाजूच्या जाळीचे पडदे ती दुपारी हातभर वर गुंडाळायची, माशीचं काय व्हायचं ते होऊ दे म्हणून. आणि रोज सकाळी, दव सुकलं की ती आणि सविता दोन काठ्या घेऊन सरीसरीतून तारा ठोकत फिरायच्या. ठण, ठण, ठण. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं कुठं भजन चाललंय. कौसाबाईच्या तोंडून मात्र शिव्या. बाराव्या-पंधराव्या दिवशी फळं दिसायला लागली. ट्रक आला तेव्हा झाडांवर लिंबाएवढा माल होता. हिरवाच, पण होता. बाळूनं एकदा झाडांकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि मुकादमाला जाऊन सांगून आला. त्या हंगामात टमाट्यानं घर धरलं.

याच काळात मोका तपासणीला साहेब आले. म्हणजे शेडनेट खरंच उभं आहे का ते जागेवर येऊन बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा आणि मग अनुदानाची फाइल पुढं सरकते. साहेबांनी गुंडाळलेले पडदे बघितले, काठी घेऊन तारा बडवणाऱ्या दोन बायका बघितल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, हे काय चाललंय? संरचनेत बदल केलाय यांनी, असं चालत नाही. पडदे खाली सोडा, बायकांना बाहेर काढा, फोटो घेऊ. मी कौसाबाईला सांगायला तोंड उघडलं, पण तिनं ऐकलं होतं. ती साहेबांपुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, फोटो काढायचा तर हाय तसा काढा. साहेब म्हणाले, फाइल अडेल बाई, पैसे मिळणार नाहीत. ती म्हणाली, "अडू द्या. मला टमाटं पायजेत. जाळी तुमच्यासाठी न्हाई लावली, सुनंसाठी लावलीय."

साहेब लाल झाले. पण अहवाल मला लिहायचा होता. मी लिहिलं, 'वायुवीजनाची व्यवस्था समाधानकारक. परागणासाठी शेतकरी स्वतः प्रयत्नशील.' साहेबांनी वाचलं, माझ्याकडे रोखून बघितलं आणि सही केली. नोकरीतलं माझं सगळ्यात धाडसी लिखाण तेवढंच.

दोन वर्षं जाळी टिकली. तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं. अर्ध्या तासात पाइप वाकून विळ्यासारखे झाले आणि जाळीच्या चिंध्या ओढ्याकाठच्या बाभळींवर. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला मीच गेलो. वाटलं, आता ही बाई मोडली. ती बाभळीवर चढलेल्या बाळूला खालून सांगत होती, फाडू नकू, धडाचा तुकडा काढ. योजनेत नवीन शेडनेट मिळणार नव्हतं, यादी केव्हाच संपली होती. मी ते सांगायला शब्द शोधत होतो. तिनं विचारलंच नाही.

तिनं त्या धड तुकड्यांची कमरेएवढी एक लहानशी मांडणी केली, खाटेएवढ्या चार वाफ्यांवर. त्यात फक्त रोपं. महिनाभर रोपं जाळीखाली, माशी लागू न देता. मग कडेनं मक्याच्या दाट ओळी, माशी अडवायला, आणि आत उघड्या रानात टमाटे, पुन्हा बांबू, तारा, चिंध्या. मी म्हणालो, शेवटी उघड्यावरच आलीस ना? मी मुद्दाम चिडवलं. ती म्हणाली, "ल्हान हाय तवर झाकावं. हाडं धरली की वाऱ्यात सोडावं. तुमी येकतर सगळं झाका म्हनता, न्हाईतर सगळं उघडं. मदलं कोन सांगनार?" विद्यापीठाच्या शिफारशीतही पुढं मला हेच सापडलं, जरा जास्त पानांत.

माझ्या निवृत्तीला दहा-बारा दिवस उरले होते, दसरा नुकताच झाला होता. कौसाबाईचा निरोप घ्यावा म्हणून वस्तीवर गेलो. त्याच दिवशी ट्रक आलेला. रस्त्याला लागून उभा, वर भांडी, पेट्या, शेळ्या, लेकरं, खाटा. मुकादम खाली उतरून सरळ रानात आला. उघड्या टमाट्यांवर माल होता, पण आभाळ दोन दिवस भरून येत होतं, गारा पडणार अशी सगळीकडे चर्चा. मुकादमानं तेच काढलं. म्हणाला, जाळी गेली, आता हे उघड्यावरचं कशाच्या भरवशावर? उद्या गारा पडल्यावर माझ्या दारात येऊ नका, तेव्हा गाडी निघून गेलेली असेल. बाळूची नजर आभाळाकडे होती.

कौसाबाई बांधाजवळ फतकल मारून लहान-मोठा माल निवडत होती. तिचं तोंड उघडलं. आता ती मुकादमाचं सगळं खानदान काढणार, म्हणून मी मागं सरकलो. पण ती थांबली आणि तिनं सविताकडे बघितलं. सविता पाठमोरी, झाडं बांधत होती. तिनं वळून बघितलं नाही, हातातली गाठ पुरी केली, मग मुकादमाशी बोलली. मी तिचा एवढा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"नाना, आमचा कोयता मोडला म्हनून लिवून घ्या. औंदाचा न्हाई, कायमचा. गारा पडल्या तर पुन्ना लावू."

मुकादमानं बाळूकडे बघितलं. बाळूनं भरलेलं क्रेट उचललं आणि खांद्यावर घेऊन चालायला लागला. मग मुकादम कौसाबाईला म्हणाला, मावशे, तू तरी सांग तिला. कौसाबाई म्हणाली, "तिनं सांगितलं न्हवं?" आणि पुढचा टमाटा उचलला.

ट्रक सुरू झाला. इतकी वर्षं ट्रक निघायच्या वेळी ती घराचं दार लावून आत बसायची, हे मला बाळूनं मागं एकदा सांगितलं होतं, आवाजसुद्धा नको असायचा तिला. त्या दिवशी मात्र ती उठली, शर्टाला हात पुसले आणि बांधावर जाऊन उभी राहिली. ट्रक वस्तीबाहेर वळला, गेवराईच्या रस्त्याला लागला, धूळ उडाली. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. निरोपाचं काहीतरी बोलायचं होतं. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. म्हणाली, "वीस वर्सं ट्रकात बसून गेले. मागून कसा दिसतो त्ये कदी पायलंच न्हवतं."

मी निघालो. मोटारसायकल काढली. वळणावर थांबलो तेव्हा पुढं ट्रक केव्हाच दिसेनासा झाला होता, मागं सविता झाडं बांधत होती, आणि कौसाबाई हात मागं बांधून अजून बांधावर उभी होती, रस्त्याकडे बघत.